ट्रेकला नेता तो घडीचा चाकू बोटावर मिटला तर? लॉकचे प्रकार आणि त्यांचा भरवसा

जून उजाडला की लोहगड, विसापूर, तिकोना, राजमाची सगळीकडे गर्दी सुरू होते. पाठीवरच्या सॅकमध्ये रेनकोट असतो, टॉर्च असतो आणि बऱ्याचदा एक घडीचा चाकू. काकडी कापायला, तंबूची दोरी तोडायला, पाकीट फोडायला. ऑनलाइन घेताना त्यावर 'लायनर लॉक', 'फ्रेम लॉक', 'बॅक लॉक' असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपण रंग आणि किंमत बघतो आणि ऑर्डर करतो.

पण चाकू वापरताना बोटं वाचणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या लॉकवर ठरतं.

लॉक नेमकं करतं काय?

घडीच्या चाकूचं पातं बिजागरीवर फिरतं आणि मुठीत मिटतं. मूठ धरल्यावर आपली बोटं बरोबर त्याच वाटेवर येतात. साधं कापताना जोर धारेवर असतो, त्यामुळे पातं आणखी उघडायला बघतं. धोका येतो तो उलटा जोर पडला की. टोकाने नारळाचा डोळा फोडणं, डबा उचकटणं, लाकडात अडकलेलं पातं हिसकून काढणं, ही सगळी कामं पात्याला मिटण्याच्या दिशेने ढकलतात. तेव्हा त्याला अडवून धरणारी एकच गोष्ट असते, लॉक.

1. लॉक नसलेले चाकू

स्विस आर्मी चाकूचे बहुतेक छोटे मॉडेल याच प्रकारात येतात. कार्ल एल्सनर यांनी 1897 मध्ये नोंदवलेल्या 'ऑफिसर्स नाइफ'पासून ही पद्धत चालत आलीय. मुठीच्या पाठीला एक जाड स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. हे लॉक नव्हे, नुसता दाब आहे. जोर वाढला की पातं मिटणारच. गंमत म्हणजे हे माहीत असल्यामुळे लोक असा चाकू जपून वापरतात. फळं, दोरा, पाकीट यासाठी तो पुरेसा आहे.

2. कड्याचं लॉक

फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचे लाकडी मुठीचे चाकू यासाठी ओळखले जातात. 1955 मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या तोंडाशी फिरणारं धातूचं कडं बसवलं. पातं उघडायचं, कडं फिरवायचं, की मिटायची वाट बंद. रचना अगदी साधी, लॉक लागलंय की नाही हे डोळ्यांना दिसतं. दोन अडचणी मात्र आहेत. कडं फिरवायचं विसरलात तर लॉक नाहीच. आणि पावसात लाकूड फुगतं, मग पातं उघडता उघडत नाही. लोणावळ्यात वर्षाला 4 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा हा मुद्दा किरकोळ नाही.

3. बॅक लॉक

अमेरिकेच्या बक कंपनीच्या 'बक 110'ने 1960च्या दशकात हा प्रकार घरोघरी नेला. मुठीच्या पाठीत एक दांडी असते, तिचं टोक पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतं. मिटायचं असेल तर पाठीवरची दांडी दाबायची. लॉक दणकट आहे, पण खाचेत चिखल किंवा फळाचा गर अडकला की दांडी पूर्ण आत बसत नाही. चाकू उघडलेला दिसतो, प्रत्यक्षात लॉक अर्धवट असतं. पाठीवर अंगठा जोरात रोवून धरला तर काही चाकूंत लॉक सुटूही शकतं.

4. लायनर लॉक

बाजारातल्या स्वस्त चाकूंमध्ये हाच सगळ्यात जास्त दिसतो. अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी 1980च्या दशकात तो आजच्या रूपात आणला. मुठीच्या आतली धातूची पातळ पट्टी बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडामागे टेकू देते. चांगला बनवलेला असेल तर विश्वासाचा. पण पट्टी आणि पात्याचा कोन जरा जरी चुकला, तर जोर पडताच पट्टी घसरते. मूठ पिळली गेली की हीच भीती. शिवाय चाकू मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो.

5. फ्रेम लॉक

तत्त्व तेच, पण इथे पातळ पट्टीऐवजी मुठीची एक बाजूच टेकू देते. धातू जाड असतो. महत्त्वाचं म्हणजे मूठ घट्ट आवळली की लॉक आणखी पक्कं बसतं. चाकू नक्षत्रासारखा स्वच्छ नसला तरी तो सहसा दगा देत नाही. अर्थात स्वस्त नकलेत कोन चुकलेला असेल तर नावाचा उपयोग नाही.

6. आडव्या दांडीचं लॉक

बेंचमेड कंपनीने 1998 मध्ये 'ॲक्सिस लॉक' आणलं. पोलादाची छोटी आडवी दांडी पात्याच्या बुडावर पाचरीसारखी बसते. मिटताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, हा मोठा फायदा. दांडी ढकलणाऱ्या बारीक तारेच्या स्प्रिंग आतमध्ये असतात, त्यामुळे साफसफाई जरा किचकट.

मग सगळ्यात भरवशाचं कोणतं?

कोरड्या टेबलावर मोजलं तर फ्रेम लॉक, आडवी दांडी आणि चांगलं बॅक लॉक वरच्या नंबरात येतात. पण विसापूरच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत असताना क्रम बदलतो. चिखलाने अडलेल्या महागड्या लॉकपेक्षा स्वच्छ असलेलं साधं लॉक बरं. म्हणून नावापेक्षा तीन गोष्टी बघा: लॉक पूर्ण बसलेलं डोळ्यांना दिसतं का, ते सहज धुता येतं का, आणि तुमच्या पकडीत ते चुकून दाबलं जातं का.

घरीच तपासा

बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ लाकडी पाटावर हळूच दाबा. पातं हललं तर तो चाकू ट्रेकला नेऊ नका. पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर बहुधा बिजागरीचा स्क्रू सैल आहे. वर-खाली हलत असेल तर लॉकच झिजलंय. व्हिडिओत दाखवतात तसं पात्याची पाठ दणादण आपटून बघू नका, त्याने चांगलं लॉकही खराब होतं.

ट्रेकहून आल्यावर साध्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने चाकू धुवा आणि पूर्ण वाळवा. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खाण्याचे पदार्थ कापायचे असतील तर पात्यावरचं तेल पुसून टाका. खोबरेल तेल नको, थंडीत ते गोठतं. लायनर आणि फ्रेम लॉक जिथे टेकतं, ती जागा कोरडीच हवी.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियमांनुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडतो. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक वापराच्या चाकूंना यातून सूट आहे. ट्रेकचे चाकू याहून खूप लहान असतात. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) नुसार जमावबंदीसारखे आदेश निघाले, तर त्या काळात त्या भागात चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. बटण दाबताच उघडणारा रामपुरीछाप चाकू तर नकोच.

बोट कापलंच तर?

स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. मग बोट वाकतंय का आणि टोकाला स्पर्श कळतोय का ते बघा. नाही, तर स्नायूबंध किंवा नस तुटलेली असू शकते. जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा, गरज पडल्यास 108 ला फोन करा. ढाकच्या जंगलातून किंवा राजमाचीवरून खाली यायला काही तास लागतात, हे विसरू नका.

म्हणूनच उचकटायला, खणायला, लाकूड फोडायला घडीचा चाकू वापरूच नका. आणि लॉक कितीही चांगलं असो, ते नाहीच असं समजून बोटं ठेवा.