पूर्वजांचा माग : सरकारी दप्तरांतून

श्राद्धाच्या वेळीं उपाध्याय तीन पिढ्यांचीं नांवें विचारतो : पिता, पितामह आणि प्रपितामह. बहुतेक सुशिक्षित घरांतील यजमान तिसऱ्या नांवापाशीं अडखळतो. चौथें नांव विचारण्याचा प्रसंग येत नाहीं, म्हणूनच घराची अब्रू राहते. त्यापलीकडची माहिती तोंडी परंपरेंत क्वचितच टिकते. ती मिळालीच तर कागदांत मिळते. आणि तो कागद घरच्या पेटीपेक्षां सरकारी कचेरीच्या फडताळांत असण्याचा संभव अधिक. तेथून तो शोधून काढावा कसा, याचा येथें विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं फुलपाडा घेऊं. विरारच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याकडे, पापडखिंडीच्या धरणाजवळची ही वस्ती. नांव पाड्याचें राहिलें असलें तरी आज तेथें चाळींची व इमारतींची दाटी आहे. येथील कांहीं कुटुंबें याच भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेलीं. त्यांहून पुष्कळ अधिक कुटुंबें गेल्या कांहीं दशकांत कोंकणांतून, घाटावरून अथवा परप्रांतांतून येऊन स्थिरावलेलीं. पहिल्यांचें दप्तर वसई तालुक्यांत, दुसऱ्यांचें आपापल्या मूळ तालुक्यांत. शोधाची रीत मात्र दोघांची पुष्कळशी सारखी.

पूर्वीं हा शोध हौसेचा होता. वंशवृक्ष काढून भिंतीवर लावला कीं काम संपलें. आतां अनेक घरांत त्यावर मुलामुलींचें शिक्षण व नोकरी अवलंबून असते. महाराष्ट्रांत जातीचा दाखला मागणाऱ्यास आपलें घराणें एका ठराविक दिवशीं या राज्याच्या हद्दींत राहत होतें, असें दाखवावें लागतें. अनुसूचित जातींसाठीं हा दिवस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठीं ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७. दाखला मिळाल्यानंतर पडताळणी समितीपुढें वडील, आजा, चुलत आजा अशा रक्ताच्या नातलगांचे कागद ठेवावे लागतात. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं एका निकालांत स्वातंत्र्यपूर्व काळांतील कागदांस विशेष पुराव्याचें मोल असल्याचें सांगितलें. सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति कुणबी नोंदींच्या शोधार्थ नेमली गेली, तेव्हां तर राज्यभर जुनीं दप्तरें उघडण्यांत आलीं, आणि मोडी वाचणाऱ्या ज्या मंडळींस कोणी विचारीत नव्हतें त्यांच्या दारीं माणसें जाऊं लागलीं.

दप्तराकडे जाण्यापूर्वीं एक गोष्ट मनाशीं पक्की करावी. सरकारनें कोणाच्याहि पणजोबाची आठवण राहावी म्हणून एकहि वही घातलेली नाहीं. सारा वसूल व्हावा, शाळेंत मुलें किती हें कळावें, सांथींत माणसें किती दगावलीं तें मोजावें, यासाठीं वह्या घातल्या गेल्या, आणि त्या ओघांत पणजोबाचें नांव लिहिलें गेलें. म्हणून ‘आमच्या घराण्याचा कागद कोठें मिळेल?’ असें न विचारतां ‘आमच्या घराण्याशीं सरकारचें काम काय पडलें होतें?’ असें विचारावें. ज्याच्या नांवें जमीन नव्हती त्याला जमिनीच्या दप्तरांत धुंडीत बसणें व्यर्थ आहे. आणि वहींतील मजकूर खरा किती, हेंहि ती वही कशासाठीं लिहिली गेली यावरूनच ठरवावें लागतें.

सामान्य कुटुंबास सर्वांत लवकर यश मिळतें तें प्राथमिक शाळेंत. शाळेचें जनरल रजिस्टर, ज्यास दाखल-खारीज रजिस्टर असेंहि म्हणतात, हें कायम जपावयाचें पुस्तक आहे. त्यांत विद्यार्थ्याचें नांव, बापाचें नांव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस व सोडण्याचें कारण इतकें एका ओळींत सांपडतें. चार इयत्ता शिकून शाळा सोडलेल्या आजोबांची सरकारी कागदांतील एकुलती एक ओळ कित्येकदां हीच असते. मात्र ती ओळ कशी लिहिली गेली तें ध्यानांत घ्यावें. मूल दारांत उभें, बाप शेतावर, आणि कोणी मामा किंवा शेजारी त्याला शाळेंत घालण्यास आलेला. जन्मतारीख त्याला ठाऊक नाहीं. शाळा जूनमध्यें सुरू होते. मास्तरांनीं मुलाच्या अंगलटीकडे पाहून वर्ष ठरवावें आणि तारीख १ जून टाकावी, हा पुष्कळ गांवांतला प्रघात होता. एकाच वर्गांत निम्मीं मुलें १ जूनला जन्मलेलीं दिसलीं तर आश्चर्य मानूं नये. त्या मास्तरांस दोष देण्याचेंहि कारण नाहीं. रकाना रिकामा सोडला तर तपासणीस आलेला अधिकारी विचारणार! जातीच्या रकान्यांतहि कधीं पोटजात, कधीं धंदा, तर कधीं नुसतें ‘कोळी’ किंवा ‘हिंदु’ एवढेंच लिहिलेलें आढळतें. अशा एका मोघम शब्दामुळें पुढें नातवंडांस समित्यांच्या व न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत. म्हणून आजोबांची एकच नोंद पाहून थांबूं नये. त्यांचे भाऊ, बहिणी, चुलते त्याच रजिस्टरांत शोधावे. एका ठिकाणीं मोघम राहिलेला शब्द दुसऱ्या ठिकाणीं स्पष्ट असूं शकतो.

जमिनीच्या दप्तराकडे वळतांना प्रथम गांवाचें नांव नीट करून घ्यावें. पाड्याच्या नांवानें स्वतंत्र दप्तर असेलच असें नाहीं. तो पाडा ज्या महसुली मौज्यांत मोडतो त्याचें नांव विचारावें. तालुका वसई खरा, पण इंग्रजी कागदांत तो ‘बॅसीन’ म्हणून सांपडतो. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर, त्यापूर्वीं ठाणें. विरारची नगरपरिषद ३ जुलै २००९ रोजीं महानगरपालिकेंत विलीन झाली. कागद ज्या सालचा त्या सालीं ती कचेरी कोणत्या नांवाची होती, हें माहीत नसलेला मनुष्य योग्य दारावरूनहि रिकाम्या हातीं परततो.

सातबाराचा उतारा बहुतेकांनीं पाहिलेला असतो. पण वंशवृक्षाच्या दृष्टीनें त्यापेक्षां फेरफाराचें पुस्तक अधिक बोलकें आहे. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला. तेव्हांपासून जमीन एका नांवावरून दुसऱ्या नांवावर कां गेली याची हकिकत फेरफारांत लिहिली जाऊं लागली. अमका मयत, त्याचे वारस अमुक मुलगे, अमुक विधवा, एक मुलगा अज्ञान, त्याची पालनकर्ती आई, अशी एक पिढीच्या पिढी तेथें चार ओळींत उभी राहते. नांवापुढील ‘ए.कु.मॅ.’ या अक्षरांनीं नवखा वाचक गोंधळतो. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हीं अक्षरें दिसलीं कीं समजावें, या एका नांवामागें ज्यांचीं नांवें लिहिलीं गेलीं नाहींत असे भाऊ उभे आहेत. कूळ म्हणून राबणाऱ्या घराण्यांसाठीं १ एप्रिल १९५७ ची तारीख महत्त्वाची. त्या कृषकदिनानंतर कुळें मालक ठरूं लागलीं, आणि आजवर ‘इतर हक्कां’च्या रकान्यांत असलेलीं नांवें मुख्य रकान्यांत आलीं.

स्त्रियांचा माग काढणें सर्वांत कठीण. पुष्कळ जुन्या कागदांत त्या कोणाची तरी विधवा म्हणूनच डोकावतात, आणि माहेरचें नांव तर लग्नांतच बदललेलें असतें. तथापि १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें मुलींना वारसा मिळाला, आणि वारसनोंदींत त्यांचीं नांवें येऊं लागलीं. पुढें पुष्कळ घरांत त्या बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्यांत आलें. भावांस जमीन मोकळी करून देणारा हा कागद न्यायाच्या दृष्टीनें कसाहि असो. पण कोणती बहीण कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं दिली होती तें त्यांतच लिहिलेलें राहतें. ज्या कागदानें तिचा हक्क गेला त्याच कागदानें तिचा पत्ता टिकला.

ज्यांच्यापाशीं ना जमीन होती ना शाळा, अशा वारली, कातकरी वगैरे घरांसाठीं मुख्य भिस्त गांव नमुना चौदावर. हें जन्ममृत्यूचें पुस्तक लोक ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखतात. जुनीं पुस्तकें बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षांत असतात. त्यांत जन्मलेल्या मुलाचें नांव पुष्कळदां नसतेंच, कारण बारसें व्हावयाचें असतें. बापाचें नांव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ इतकेंच. आडनांवहि नसतें. मृत्यूच्या कारणांत ‘ताप’ हा शब्द इतक्या वेळां येतो कीं त्यावरून रोग कोणता हें कोणत्याहि वैद्यास सांगतां येणार नाहीं. वसईंतील ख्रिस्ती कुटुंबांस मात्र चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींचा निराळा आधार आहे, आणि या कामीं तो फार सोयीचा.

जुनीं पुस्तकें मोडींत असतील तर जाणकाराकडूनच वाचून घ्यावीं. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत, शब्दांत अंतर सोडीत नाहींत. तेव्हां घरांत ऐकलेलें नांव मनांत धरून वाचणाऱ्यास तेंच नांव जिकडे तिकडे दिसूं लागतें. सनांचाहि घोळ असतो. शकांत ७८, फसलींत ५९० किंवा ५९१ आणि सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो.

मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत राज्याचें पुराभिलेखागार आहे, पुण्यास पेशवे दप्तर आहे. पण इनाम, वतन किंवा सरकारी चाकरी घराण्यांत नसेल तर आरंभींच तेथें धांवूं नये. त्यापेक्षां दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील खरेदीखतांची सूची पाहावी. सूची क्रमांक एक ही माणसांच्या नांवांवरून लावलेली असते, आणि ती कोणासहि फी भरून पाहतां येते. इंग्लंडांत जुन्या शिरगणतीचीं घरवार पत्रकें शतकानंतर खुलीं होतात, तशी सोय येथें नाहीं. १९४८ च्या कायद्यानें शिरगणतींतील व्यक्तिगत नोंदी गुप्त आहेत. जुने सातबारा व फेरफार मात्र आतां ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर कित्येक तालुक्यांपुरते घरबसल्या मिळूं लागले आहेत.

दोन कागदांत वयाचा किंवा नांवाचा मेळ बसला नाहीं तर एक खोडून दुसरा खरा करण्याच्या भानगडींत पडूं नये. दोन्हींच्या प्रमाणित प्रती घेऊन कोणती वही, कोणतें साल, कितवें पान हें टिपून ठेवावें. आणि नक्कल मागतांना आपल्या एका ओळीची न मागतां, कचेरी देत असेल तर, सबंध पानाची मागावी. कारण पणजोबांना शाळेंत घालावयास जो कोणी आला, त्यानें त्याच दिवशीं त्यांच्या चुलत भावासहि आणलें असण्याचा पुष्कळ संभव असतो, आणि त्याचें नांव लगेच खालच्या ओळींत असतें.