बेंचवर चालतो, घरी बंद पडतो

महागडा लॅपटॉप घेऊन गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं तेव्हा विचारतं, 'किती दिवस लागतील?' दुसऱ्यांदा येतं तेव्हा एवढंच म्हणतं, 'भाऊ, पुन्हा तेच झालं ना.' नागपुरात बर्डीवरच्या सर्व्हिस सेंटरच्या बेंचवर हे वाक्य मी सतत ऐकत आलोय. त्यामागे काय घडतं ते काउंटरवर कोणी सांगत नाही.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका पोराचं मशीन ऐन मे महिन्यात आलं. दीड लाखाचं, वॉरंटीतलं. तक्रार अशी, की रेंडर लावलं की स्क्रीनवर आडव्या रेषा येतात आणि सगळं गोठतं. आमच्याकडे एसी. दिवसभर टेस्ट चालवली, एक रेघ दिसली नाही. जॉबशीटवर शेरा पडला, 'नो फॉल्ट फाउंड'. आठवड्याच्या आत पोरगं वापस आलं. रडकुंडीला आलेलं, कारण सीझनच्या ऑर्डर अडकल्या होत्या.

मग मी मशीन उचलून मागे पार्ट्सच्या खोलीत नेलं. तिथं एसी पोहोचत नाही. भर दुपारी त्याचीच फाइल रेंडरला लावली आणि शेजारी बसून राहिलो. पंखा जोरात फिरू लागला, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देऊ लागली आणि रेषा उमटल्या. लगेच मोबाइलवर व्हिडिओ घेतला.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान 35 अंशांपर्यंतच दिलेलं असतं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे जातो. म्हणून 'उन्हाळ्यामुळे होतं' हे उत्तर तोंडावर फेकणं सोपं. मला ते पटत नाही. तापलेल्या मशीनने वेग कमी करावा, फार तर स्वतःहून बंद व्हावं. रेषा उमटतात म्हणजे आत कुठेतरी जोड सुटतोय.

बोर्ड बदलला. काही दिवसांनी तोच प्रकार. यातही नवल नव्हतं. वॉरंटीच्या अटींत बदली पार्ट नवा किंवा दुरुस्त केलेला देण्याची मुभा कंपन्या ठेवतात. आणि दोष डिझाइनमध्येच असेल, तर कोरा करकरीत पार्टही तोच दोष घेऊन येतो.

अॅपलचा बटरफ्लाय कीबोर्ड हे याचं ठळक उदाहरण. तो 2015 मध्ये आला. बारीक धूळ शिरली तरी बटण अडकायचं, नाहीतर एकाच दाबात अक्षर दोनदा उमटायचं. मॅकबुक प्रोमध्ये कीबोर्ड वरच्या सांगाड्यातच बसवलेला, म्हणून एका बटणापायी बॅटरीसकट अख्खं टॉपकेस बदलावं लागे. जून 2018 मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षं मोफत दुरुस्ती जाहीर केली, पण बदलून मिळणारा कीबोर्डही त्याच जातीचा. जुन्या पद्धतीची बटणं परतली ती नोव्हेंबर 2019 च्या 16 इंची मॉडेलमध्ये. पुढे 2022 मध्ये 5 कोटी डॉलरची तडजोड झाली, तीही अमेरिकेतल्या मोजक्या राज्यांच्या ग्राहकांपुरती.

त्याआधीचा एनव्हिडियाचा प्रकार जुने मेकॅनिक अजून काढतात. लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपांच्या आतले बारीक जोड तापून-निवून तडकायचे. जुलै 2008 मध्ये कंपनीने त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. बाजारात तेव्हा हॉट एअरने 'हीट मारून' असे बोर्ड जिवंत करत. तडा चिपच्या आतच राहायचा, त्यामुळे मशीन थोडे दिवस चालून पुन्हा मरायचं.

त्या पोराला मी एकच गोष्ट बजावली. जॉबशीटवर 'डिस्प्ले प्रॉब्लेम' एवढंच लिहू द्यायचं नाही. रेंडरच्या वेळी, गरम खोलीत, आडव्या रेषा, बोर्ड बदलूनही तोच दोष, असं दर वेळी त्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि कॉपी घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. शेरे वेगवेगळे पडले, की कंपनीच्या कागदावर त्या वेगवेगळ्या तक्रारी होतात आणि प्रत्येक तक्रार 'सुटलेली' दिसते.

20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात डिझाइनमधल्या दोषाची जबाबदारीही उत्पादकावर आहे. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पोराने जॉबशीटा आणि माझा व्हिडिओ जोडून कंपनीला नोटीस पाठवली. आयोगापर्यंत जावंच लागलं नाही. कंपनीने मशीन बदलून दिलं, त्याच मालिकेतलं पुढचं मॉडेल. मी ते उघडून पाहिलं. चिपवरची तांब्याची नळी आधीच्यापेक्षा रुंद होती आणि पंखे एकाऐवजी दोन.