एका वाक्याची किंमत

एखादी तपासणी गरजेची आहे का, हे ठरवणारा आणि त्या तपासणीतून पैसे मिळवणारा माणूस एकच असला की हितसंबंधांचा संघर्ष निर्माण होतो. वैद्यकीय व्यवसायात हा प्रसंग रोजचा. बहुतेक डॉक्टर तो विवेकाने सांभाळतात. विवेक सुटला तर काय होते, हे सांगली जिल्ह्याने मार्च २०१७ मध्ये पाहिले. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात पोलिसांना पुरलेले १९ भ्रूण सापडले. अटक झालेल्या डॉक्टरकडे होमिओपॅथीची पदवी होती.

धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे राज्यात ९१३ मुली होत्या. साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१. हे दोन्ही जिल्हे ऊस, सहकार आणि शिक्षणात पुढारलेले.

सोनोग्राफी उपयुक्तच आहे. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास बाळातील व्यंग, वारेची जागा, गर्भजलाचे प्रमाण तिच्यातून कळते. त्याच पडद्यावर लिंगही दिसते. ते सांगणाऱ्या एका वाक्याला बाजारात किंमत मिळते आणि त्याची पावती नसते. या व्यवहारात नातेवाईक, दलाल आणि डॉक्टर तिघेही राजी असतात. त्यामुळे तक्रार करायला कोणीच पुढे येत नाही.

म्हणूनच या गुन्ह्यात पैशाच्या वाटेवर आणि कागदावर लक्ष ठेवावे लागते. महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. सन २००० मध्ये ‘सेहत’, ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून खरेदीदारांची नावे मागवली. २००३ पासून नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकण्यासही बंदी आली.

प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. त्यातील चुका केवळ कारकुनी मानाव्यात, ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये फेटाळली. कारण तक्रारदार नसलेल्या गुन्ह्यात नोंद हाच साक्षीदार असतो.

कायद्याने नियंत्रकांच्या हितसंबंधांचाही विचार केला आहे. लिंगनिदानाशी संबंध आलेल्या व्यक्तीला सल्लागार समितीवर घेता येत नाही. तरी आठपैकी तीन सदस्य वैद्यकीय तज्ज्ञ असतात. त्यांचे ज्ञान आवश्यकच. पण ओळखीच्या सहव्यावसायिकावर कारवाईची शिफारस करणे सोपे नसते. अशा वेळी समितीतील सामाजिक कार्यकर्त्यांचा आवाज महत्त्वाचा ठरतो.

बाहेरच्या नजरेने काय साधते, हे साताऱ्याने दाखवले. दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी गर्भवती महिलांच्या धाडसी मदतीने बनावट ग्राहक पाठवून अनेक केंद्रांचे बिंग फोडले. २०२५ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

सोनोग्राफीला जाताना केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र आणि ‘येथे लिंगनिदान केले जात नाही’ हा फलक दर्शनी भागात आहे का, ते पाहावे. शंका आल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करता येते. पावतीशिवाय कोणी पैसे मागितले, तर तिथूनच संशयाला सुरुवात व्हायला हवी.