कॅमेऱ्याची साक्ष

कायदा हातात घेणाऱ्या नायकाचा चित्रपट पाहताना एक साधी गोष्ट तपासावी : ज्याने गुन्हा केला, तोच शेवटी मरतो का?

मायकेल विनर यांच्या ‘डेथ विश’मध्ये (१९७४) तो मरत नाही. न्यूयॉर्कमधल्या पॉल कर्सी या वास्तुविशारदाच्या (चार्ल्स ब्रॉन्सन) घरात तिघे घुसतात. त्यांच्या मारहाणीत बायको दगावते, मुलगी अत्याचाराने कायमची खचते. कर्सी रिव्हॉल्व्हर घेऊन रात्री रस्त्यावर उतरतो, एकेका लुटारूला टिपत सुटतो; पण ते तिघे त्याला शेवटपर्यंत सापडत नाहीत. चित्रपट आवडीने पाहिलेल्यांना विचारून बघा, अनेकांच्या हे ध्यानातही नसते. मूळ कादंबरीकार ब्रायन गारफिल्ड यांना मात्र चित्रपटातले हे समर्थन खटकले. १९७५ मध्ये त्यांनी ‘डेथ सेन्टेन्स’ लिहून त्याला उत्तर दिले.

प्रेक्षकाला ते खटकत नाही, कारण दर वेळी चाकू उगारलेला माणूस कॅमेरा त्याला दाखवतो. आपण प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होतो. पंचनामा, जबाब, उलटतपासणी हा सगळा खटाटोप ज्या अडचणीपोटी जन्मला, ती अडचणच पडद्यावर उरत नाही. न्यायाधीशाने गुन्हा पाहिलेला नसतो. आपण पाहिलेला असतो. नायकाचा नेम चुकत नाही तो त्याच्या हुशारीमुळे नव्हे. आरोपीला पटकथाकाराने आधीच दोषी ठरवलेले असते.

ही सोय नाकारणारा चित्रपट आपल्याकडे एका मराठी कथेतून आला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचे दिग्दर्शन : ‘अर्धसत्य’ (१९८३). आदल्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला होता.

‘अर्धसत्य’ म्हटले की फौजदार अनंत वेलणकर (ओम पुरी) रामा शेट्टीचा (सदाशिव अमरापूरकर) गळा आवळतो, तो शेवट आठवतो. पण वेलणकरच्या हातून त्याआधी एक खून झालेला आहे. जोखमीच्या अटकेचे श्रेय वरिष्ठांनी दुसऱ्याच्या पदरात टाकले, त्याचा संताप त्याने कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर काढला आणि तो चोर मेला. त्या प्रकरणातून सुटायला वेलणकर शेट्टीच्या दारात जातो. शेट्टी त्याला पुरता पाण्यात पाहतो, आणि मग ते हात पुन्हा चालतात. म्हणजे आपण ज्याला न्याय म्हणून डोक्यावर घेतो, ते पहिल्या खुनाचे शेपूट आहे. हात तेच, राग तोच. फक्त दुसऱ्या वेळी मेलेला माणूस आपल्याला नकोसा होता. त्यानंतर वेलणकर स्वतः पोलीस ठाण्यात हजर होतो. तेंडुलकरांनी त्याला मोकळे सोडलेले नाही, आणि माझ्या मते चित्रपटाची खरी उंची शेट्टीच्या मरणापेक्षा इथे आहे.

पडद्याबाहेर कॅमेऱ्याची साक्ष कोणापाशीच नसते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांनी पहाटे गोळ्या घालून मारले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्या. वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की, पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारसही केली. त्या चौघांवरचा मूळ खटला मात्र कोणत्याही न्यायालयात उभाच राहिला नाही.