कोंबड्या रात्री उंचावर का बसतात?

तिन्हीसांजेला बालाघाटजवळच्या एखाद्या गावात फेरफटका मारला, की दिवसभर उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्या एकेक करून घराकडे वळताना दिसतात. काही निमूटपणे खुराड्यात शिरतात. एखादी मात्र भिंतीवर उडी मारते आणि तिथून पेरूच्या फांदीवर जाऊन बसते. मग काठी घेऊन तिला उतरवायची धावपळ होते. "भारी हट्टी कोंबडी!" असे आपण म्हणतो, पण या हट्टामागे हजारो वर्षांची सवय आहे.

गावठी कोंबडीचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो बघायला आपल्याला लांब जायला नको. मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हाच्या सालवनात तो आजही आहे. दिवसा तो जमिनीवर दाणे आणि किडे टिपतो, रात्र मात्र झाडावर किंवा बांबूच्या बेटात काढतो. रानमांजर आणि कोल्हा रात्री शिकारीला निघतात आणि कोंबडीला अंधुक उजेडात फारसे दिसत नाही. त्यामुळे उजेड असतानाच उंच जागा गाठणे हाच तिचा बचाव. आपल्या परसातल्या कोंबडीने जंगल पाहिलेले नसते, पण दिवस मावळला की तिचे पाय वरच वळतात.

वर चढल्यावरही भांडण असतेच. कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते. नॉर्वेचे थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे शास्त्रीय वर्णन केले. मोक्याच्या जागेसाठी चोची मारणे, ढकलाढकली होते आणि अंधार पडला की सगळे शांत होते. जागा अपुरी असेल, तर दुबळी कोंबडी खाली विष्ठेत बसून रात्र काढते.

"कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही" ही म्हण रात्री डालग्याखाली कोंबडे झाकायच्या पद्धतीतूनच आली असावी. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या शरीरातल्या घड्याळानुसार पहाटे आरवतात. म्हण खरीच आहे!

आता शहरात बंगल्याच्या मागे चार-पाच कोंबड्या पाळणारी आपली बरीच कुटुंबे आहेत. खुराडे भक्कम असते, जाळी पक्की असते, पण आत बसायला काठीच नसते. कोंबडीला झाड सोडायला लावायचे, तर खुराड्यात झाडासारखी जागा द्यायला हवी. त्यासाठी एवढे करा:

दोन-तीन फूट उंचीवर चार-पाच सेंटिमीटर जाडीची, कडा गोल केलेली लाकडी काठी बसवा. ब्रॉयलरसारख्या जड कोंबड्यांसाठी ती बरीच खाली ठेवा. युरोपीय संघाच्या १९९९च्या नियमात दर कोंबडीमागे किमान १५ सेंटिमीटर काठी सांगितली आहे. आपण २० धरू या.

अंडी घालायची पेटी काठीपेक्षा खाली हवी. नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपतील आणि अंडी घाण होतील.

रात्रीची विष्ठा काठीखालीच साचते. तिथे राख किंवा भुसा पसरून रोज साफ करा. अमोनियाचा वास कोंडू नये म्हणून वरच्या बाजूला जाळीदार झरोका ठेवा.

नवीन कोंबड्या आणल्या तर पहिले काही दिवस बाहेर सोडू नका. घर ओळखीचे झाले की त्या आपोआप परततात.

दार आपोआप बंद करायची यंत्रणा बसवणार असाल, तर मी इंजिनिअर म्हणून एक सांगतो: ठरावीक वेळेच्या टायमरवर विसंबू नका. बालाघाटला डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये सातच्या सुमारास. कोंबडी घड्याळ बघत नाही, उजेड बघते. म्हणून उजेड मोजणारा सेन्सर लावा आणि तरीही झोपण्यापूर्वी कोंबड्या मोजा. बाहेर राहिलेली एखादी सेन्सरला कळत नाही.

मोजताना बॅटरी हातात असतेच, तर काठीच्या फटीही पाहून घ्या. रक्त पिणारे लाल माइट दिवसा तिथे लपतात आणि रात्री कोंबड्यांच्या अंगावर चढतात. पाय किंवा पंख तपासायचे असतील, तरी हीच वेळ बरी. दिवसा अंगणभर पळवणारी कोंबडी रात्री सहज हातात येते.