भाग: बसचा क्लीनर ते शाहीर — अमर शेख यांची सुरुवात

बीड जिल्ह्यातल्या पालीतून आपण बोलतोय. आमच्या गावावरून जाणारा सोलापूर हायवे धरा, मांजरसुंबा, चौसाळा मागं टाका, येरमाळ्याला उजवीकडं वळा, की बार्शी येते. आजचा माणूस त्या बार्शीचा. शाहीर अमर शेख.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवणारा शाहीर म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण तो आवाज आला कुठून? आज तेवढंच बघू.

२० ऑक्टोबर १९१६ ला बार्शीत एका गरीब मुसलमान घरात त्यांचा जन्म झाला. नाव मेहबूब हुसेन पटेल. आईचं नाव मुनेरबी. लोकगीतांची गोडी लागली ती या आईकडून. गाण्याचा क्लास नाही, उस्ताद नाही. पहिली शाळा म्हणजे आईचा गळा. मराठी लोकगीत एका मुसलमान माऊलीनं लेकराला दिलं, हे मुद्दाम ध्यानात ठेवा.

घरात पैसा नव्हता, म्हणून मिळेल ते काम. पाणी वाहिलं, पेपर विकले, बसवर क्लीनर झाले. मग गिरणीत लागले. आता क्लीनरचं काम काय असतं, ते आपल्या हायवेवरच्या माणसाला सांगायला नको! गाडी धुवायची, सामान चढवायचं, आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडायचं. गिरणीतही तेच, यंत्राच्या खडखडाटात बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो. पुढं मैदानातल्या हजारो माणसांपर्यंत पोचणारा गळा अशा कामांत तापला असणार, असं आपलं मला वाटतं.

गिरणीत संप झाला, त्यात ते पुढं होते. त्यापायी विसापूरच्या तुरुंगात जावं लागलं. तिथं कॉम्रेड रेघे भेटले आणि कम्युनिस्ट विचारांशी ओळख झाली. गळा आईनं दिला होता. तो कुणासाठी वापरायचा, हे संपानं आणि तुरुंगानं शिकवलं.

नंतर ते कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत गेले. ‘अमर शेख’ हे नाव तिथलंच. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं. पुढची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. १ मे १९६० ला राज्य झालं, त्यात या तिघांच्या डफाचा वाटा मोठा.

२९ ऑगस्ट १९६९ ला अपघातात ते गेले. वय अवघं बावन्न.

एक सांगतो. शाहीर म्हटलं की आपल्याला फेटा आणि डफ दिसतो. त्यामागं पाण्याची खेप आणि क्लीनरचा फडका होता, हे विसरू नका. तुमच्या घरात कुणी म्हातारी ओव्या म्हणत असेल, तर आज तिच्याजवळ बसा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. कुणाचा शाहीर कुठं घडतोय, काय सांगावं!

भेटू पुढच्या भागात. राम राम, सलाम, जय भीम!