दोन दशकांनंतर ‘हॅलो लॉर्ना’

गोव्याच्या कोकणी पॉप संगीतात १९९५ साली आलेल्या ‘हॅलो लॉर्ना’ या गीतसंग्रहाचे स्थान वेगळे आहे. कारण १९७०च्या दशकात गाणे सोडलेल्या लॉर्ना कोर्देरो यांनी दोन दशकांहून अधिक काळानंतर तो गाऊन पुनरागमन केले.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी आधीची मुंबई पाहावी लागते. चर्चगेटजवळच्या अॅस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’सारख्या नाइटक्लबांत गोमंतकीय वादकांचे बँड रात्री वाजत आणि अशाच वादकांपैकी अनेकजण दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. मडगावचे ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी यांनी जॅझ, म्हणजे वादकाला ऐनवेळी सुरावट फुलवण्याची मुभा देणारे अमेरिकी संगीत, आणि लॅटिन अमेरिकी नृत्यताल यांचा कोकणी गीतांशी मेळ घातला व त्यासाठी त्यांना लॉर्ना यांचा किंचित खरखरीत, भारदस्त आवाज लाभला. चऱ्होली-आळंदीकडच्या भजनात बुवांनी सोडलेली ओळ टाळकरी झेलतात, तशी या गीतांत गायिकेची ओळ संपता संपता पितळी वाद्ये तिला उत्तर देतात. ‘पिसो’, ‘बेबदो’ यांसारखी गाणी त्यामुळेच पाय थिरकवतात आणि नुसती ऐकतानाही पकड सोडत नाहीत.

पुढे लॉर्ना पेरींपासून दुरावल्या आणि गाणे थांबले. त्या दुराव्याचे किस्से गोव्यात आजही चवीने सांगितले जातात, संगीताची चर्चा मात्र त्यामानाने कमीच होते. गायिका व्यासपीठावर नव्हती, तरी तिच्या तबकड्या घरोघर वाजत राहिल्या आणि लग्नसमारंभांतील बँडांनीही ती गाणी सोडली नाहीत. पुनरागमनाची खरी अडचण इथेच होती: श्रोत्यांच्या कानांत तरुण आवाज पक्का बसलेला असताना, त्यांच्यापुढे पन्नाशीला टेकलेली गायिका उभी राहणार होती. ट्रम्पेटवादक पीटर मोन्सेरात यांचे चिरंजीव, कीबोर्डवादक रॉनी मोन्सेरात यांनी लॉर्ना यांचे मन वळवले. वडिलांच्या पिढीतल्या जुन्या मंडळींचा बाज रॉनी यांना परका नव्हता, ही जमेची बाजू. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर लॉर्ना पुन्हा गायल्या, तेव्हा श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले.

लॉर्ना आणि पेरी यांच्या कहाणीवरून प्रेरित झालेल्या, बार्ड्रॉय बार्रेटो दिग्दर्शित ‘नाचुंया कुंपासार’ या चित्रपटाला पुढे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. परंतु त्यातील गाणी प्रामुख्याने दुराव्यापूर्वीच्या काळातली आहेत, त्यामुळे तो पाहून लॉर्ना यांच्याकडे वळलेल्या नव्या श्रोत्याला ‘हॅलो लॉर्ना’ वेगळे शोधूनच ऐकावे लागते.